रक्तात की घरात?

‘खेळ रक्तातच असावा लागतो’ असं म्हणतात, पण हे मत मला अर्धंच पटतं. लिअँडर पेसचंच बघा. वडील डॉ. वेस पेस १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलेल्या हॉकी संघात, आई बास्केटबॉलपटू. आणि लिअँडरने १९९६ मध्ये अटलांटाला कांस्य मिळवलं ते टेनिसमध्ये! म्हणजे घरातून हॉकीची स्टिक नाही, वळण मिळालं. रोज पहाटे उठणं, सुजलेला घोटा शेकत बसणं, हरल्यावरही जेवताना त्याच सामन्याची चिरफाड करणं, हे अशा घरातल्या मुलांना जगावेगळं वाटतच नाही.

आडनावाचं ओझं मात्र पोरांवर लादू नये, हे अगदी कळकळीने सांगते. सुरिंदर अमरनाथने वडील लाला अमरनाथांसारखंच कसोटी पदार्पणात शतक ठोकलं, तरी त्याच्या वाट्याला दहाच कसोट्या आल्या.