पडदा नसलेला छोटा संगणक आणि संगीत : तुमचे अनुभव

धैवत (धागाकर्ता)
आमच्या भजनी मंडळात तानपुरा वाजतो तो रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर. पेटीशेजारी पत्त्यांच्या कॅटाएवढं यंत्र, ना पडदा ना कीबोर्ड. प्युअर डेटा या आवाज घडवणाऱ्या प्रोग्रामचा पॅच (त्यात जुळवलेली रचना) 'नोजीयूआय' पर्यायाने चालतो, म्हणजे खिडकी उघडायला जात नाही. सिस्टमडीत (लिनक्स सुरू होताना कामं आपोआप चालू करणारी व्यवस्था) सर्व्हिस लिहिली आहे, वीज दिली की थोड्या वेळात षड्ज लागतो. एवढं जमवायला मला सगळा पावसाळा लागला. तुमचं कुठे अडलं, सविस्तर लिहा.

कोमल रिषभ
माझं अडलं कटकटीवर. जॅक (लिनक्सवर आवाजाची ने-आण करणारा प्रोग्राम) ४८००० हर्ट्झ, १२८ फ्रेमचा (नमुन्यांचा) एक तुकडा, असे ३ तुकडे म्हणजे पीरियड, म्हणजे हिशेबाने ८ मिलिसेकंद उशीर. पट्टी दाबताच सूर येई, पण मधूनच 'टक्'. फ्रेम २५६ केल्या तर टक् कमी झाली, पण द्रुत तानेत हात अडखळू लागला. दोष दोन निघाले. प्रोसेसरचा वेग कामानुसार खालीवर होत होता, तो 'परफॉर्मन्स'वर कायम केला. आणि माझ्या युजरला रिअलटाइम प्राधान्याची (आवाजाचं काम इतर कामांआधी करण्याची) परवानगीच नव्हती. ऑडिओ गटात घालून लिमिट्सच्या फाइलीत आरटीप्रायो (तेच प्राधान्य) ९५ लिहिलं. त्या रात्री अर्धा तास मालकंस वाजवला, एकही टक् नाही. डोळे भरून आले.

मांडवकर
गणपतीत कार्यक्रम संपताच कुणीतरी मेन स्विच बंद केला. दुसऱ्या दिवशी आरतीला यंत्र उठेना, मेमरी कार्डावरची फाइल सिस्टिम बिघडलेली. आता रास्पी-कॉन्फिगमधून (पायच्या सेटिंग्जचा प्रोग्राम) ओव्हरले फाइल सिस्टिम चालू ठेवतो. लिहिलं जातं ते रॅममध्ये, कार्डाला धक्का नाही. पॅच बदलायचा तर आधी ओव्हरले बंद, मग रीबूट.

पेटीवाली
हेडफोनच्या पिनमधून आवाज घेऊ नका, खरखर येते. माईक लावायचा तर यूएसबी इंटरफेस (आवाज आत-बाहेर नेणारी डबी) हवाच, पाय ४ वर ऑडिओ इनपुट नाही.

उत्तररात्र
सुपरकोलायडर (प्युअर डेटासारखाच, पण कोड लिहून आवाज घडवायचा प्रोग्राम) वापरणाऱ्यांनो, त्याची भाषा चालवणारं एसक्लँग पडदा शोधतं आणि कोसळतं. क्यूटी (खिडक्या दाखवणारी त्याची व्यवस्था) प्लॅटफॉर्म 'ऑफस्क्रीन' ठेवा.

खर्जातला सा
घरी चाललं, स्टेजवर नाही. मिडी कीबोर्ड (सुरांच्या पट्ट्यांचा) आधी ओळखला गेला, लिनक्सने दिलेला इंटरफेसचा क्रमांक १ चा २ झाला आणि जॅक सुरूच होईना. समोर सभागृह भरलेलं. तेव्हापासून क्रमांकाऐवजी इंटरफेसचं (साउंड कार्डाचं) नाव लिहितो. तिथल्या वायफायवर यंत्राचा '.लोकल' पत्ताही (नेटवर्कवरचं नाव) सापडला नव्हता, म्हणून लॅपटॉप थेट लॅनच्या वायरने जोडतो. ती वायर खोक्यात आधी जाते, पेटी नंतर.