म्हाताऱ्यांच्या गोळ्यांना हात कुणी लावायचा?

कऱ्हाडची लेक

काल 'तालुक्याचा डॉक्टर' यांनी इथे लिहिलं, "मुलं पुण्या-मुंबईहून दोन दिवसांसाठी येतात, मोबाइलवर काहीतरी वाचतात आणि आईबापांच्या गोळ्या बंद करतात. ज्यांना औषधातलं कळत नाही त्यांनी चिठ्ठीत नाक खुपसू नये." तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

माझे वडील ७९ वर्षांचे. पोटात गुबारा धरायचा, ढेकर यायचे, म्हणून त्यांना रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल सुरू झाली. रोज अनशापोटी एक. किती दिवस घ्यायची ते चिठ्ठीवर नव्हतं, त्यामुळे ती चालूच राहिली. पुढे उजवा हात थरथरायला लागला. चालताना पाय घासू लागले. शर्टाची बटणं लावायला आई लागायची. सही इतकी बारीक झाली की बँकेने चेक परत पाठवला. कंपवात (पार्किन्सन) ठरला, त्यावरची लेव्होडोपा सुरू झाली. तिने मळमळायला लागलं, त्यावर आणखी एक गोळी. रात्री भास व्हायला लागले, त्यावर झोपेची क्लोनाझेपाम. त्या गुंगीत बाथरूमला उठले आणि पडले. खुबा मोडला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी सगळ्या पट्ट्या पलंगावर मांडल्या, एकेक उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "ही गॅसची कॅप्सूल कधीपासून चालू आहे?" तोवर हा प्रश्न आम्हाला कुणीही विचारला नव्हता. डोपामिन म्हणजे मेंदूतलं हालचाली सांभाळणारं रसायन, आणि लेव्होसल्पिराइड त्याचंच काम अडवते. म्हणजे सकाळच्या कॅप्सूलने डोपामिन अडवायचं आणि दुपारच्या लेव्होडोपाने तेच पुरवायचं, हे आमच्या घरात राजरोस चालू होतं. कॅप्सूल थांबवली, काही महिन्यांत थरथर गेली, लेव्होडोपाही सुटली. वॉकर मात्र सुटला नाही.

दर महिन्याला जुन्या चिठ्ठीवर 'कंटिन्यू' लिहून सही करणाऱ्यांना औषधातलं कळत होतं ना? मग आम्ही नाक खुपसायचं नाही, तर कुणी?

तालुक्याचा डॉक्टर

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. लेव्होसल्पिराइडबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. चक्करीवर महिनोन् महिने दिली जाणारी सिनारिझिन, अर्धशिशीवरची फ्लुनारिझिन, या गोळ्याही म्हाताऱ्यांत हाच प्रकार करतात.

पण माझी पोस्ट कशावरून होती तेही ऐका. माझ्या एका पेशंटला हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता. मुलाने व्हॉट्सॲपवर वाचलं की रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी मेंदूत रक्तस्राव होतो. त्याने तसली गोळी, क्लोपिडोग्रेल, बंद केली. स्टेंटमध्ये गुठळी झाली आणि माणूस जिल्ह्याच्या गावाला नेता नेता वाटेतच गेला. त्यांच्या बायकोने मला विचारलं, "डॉक्टर, गोळी बंद केल्यानेच झालं का हो?" मुलगा शेजारी उभा होता. काय सांगायचं मी?

बीटा ब्लॉकर, म्हणजे बीपी-हृदयाची गोळी, एकदम थांबवला तर छातीचं दुखणं उसळून येतं. वर्षानुवर्षं चाललेली झोपेची अल्प्राझोलाम एका दिवसात तोडली तर फिट येऊ शकते. आणि 'या वयात बीपीची गोळी कशाला' म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, ऐंशीच्या पुढच्या ३,८४५ लोकांवर झालेल्या २००८ च्या हायव्हेट अभ्यासात बीपीवर उपचार केलेल्यांमधले मृत्यू २१ टक्क्यांनी कमी निघाले. गोळ्या कमी म्हणजे तब्येत चांगली, असं सरसकट नसतं.

आणि 'कंटिन्यू' का लिहिलं जातं? माझ्याकडे आजी येतात तेव्हा हातात तीन फायली असतात. हृदयवाल्यांची, हाडवाल्यांची, पोटवाल्यांची. त्यातली एकही गोळी मी सुरू केलेली नसते. मी एक कमी केली आणि पुढच्या आठवड्यात काहीही झालं, तरी 'मोठ्या डॉक्टरची गोळी याने बंद केली' म्हणून माझ्याच दवाखान्याच्या काचा फुटणार. बाहेर बाकावर चाळीस माणसं बसलेली असतात.

निवृत्त परिचारिका

काचांची भीती खरी आहे डॉक्टर, पण पडून खुबा मोडलेल्या बायका मी आयुष्यभर उचलल्यात. वॉर्डात आल्या की उशाखालून अल्प्राझोलामची पट्टी निघायची. नवरा गेला तेव्हा महिनाभरासाठी दिलेली गोळी, नातवाचं लग्न झालं तरी चालू. आणि पुरुषांचं म्हणाल तर प्रोस्टेट वाढलेला माणूस, कुणीतरी सर्दीची गोळी दिलेली, त्यात लघवी अडवणारी क्लोरफेनिरामिन. रात्री लघवी तुंबून तडफडत यायचे. नळी घालायची आम्ही, आणि सकाळी घरचे सांगायचे, "अहो, साधी सर्दीची गोळी होती."

कॅनडात २०१४ मध्ये एक प्रयोग झाला होता. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्यांनाच एक पुस्तिका दिली. त्यात धोका काय आणि गोळी हळूहळू कशी उतरवायची ते सोप्या भाषेत होतं. सहा महिन्यांत २७ टक्क्यांनी गोळी पूर्ण सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत ५ टक्क्यांनी. पेशंटला समजावून सांगितलं तर त्याला समजतं. आपल्याकडे सांगायचीच पद्धत नाही.

एमडी मेडिसिन

यात नवीन काही नाही. वृद्धांना टाळायच्या औषधांची बिअर्स यादी १९९१ पासून आहे, २०२३ मध्ये ती पुन्हा सुधारली गेली. आयर्लंडमधून आलेली स्टॉप-स्टार्ट यादी २००८ ची. तिच्यात काय थांबवायचं याबरोबर काय राहून गेलंय आणि सुरू करायला हवं, तेही आहे. ॲस्पिरिनचं उदाहरण घ्या. निरोगी वृद्धांना 'हृदयासाठी' रोज ॲस्पिरिन देऊन फायदा होत नाही, रक्तस्राव वाढतो, हे २०१८ च्या ॲस्प्री अभ्यासाने दाखवलं. तरी साठी उलटली की गोळी सुरूच.

प्रश्न ज्ञानाचा आहे आणि ते कुणाकडे नाही हे सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्रात कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर होमिओपॅथ सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करतात आणि ॲलोपॅथी लिहितात. किडनी मंदावलेल्या म्हातारीला मधुमेहावरची ग्लिबेनक्लामाइड द्यायची नसते हे एका वर्षात कोण शिकवणार? माझ्याकडे अशा बायका साखर ४० वर येऊन बेशुद्धावस्थेत दाखल होतात.

होमिओपॅथ, धडगाव

वाटच बघत होतो, गाडी आमच्यावर कधी घसरते याची. धाग्यात होमिओपॅथीचा संबंध काय? आधी कऱ्हाडच्या ताईंना विचारा, ती कॅप्सूल कुणी लिहिली होती.

कऱ्हाडची लेक

पोटविकारतज्ज्ञांनी. एमडी, डीएम.

होमिओपॅथ, धडगाव

झालं? आता माझं ऐका. पाड्यावर रात्री दम लागलेला म्हातारा खाटेवर घालून आणतात तेव्हा त्याला कोण बघतं? तुमच्यातले किती एमडी सातपुड्यात राहायला आले? सीसीएमपी सरकारने काढला, शिकवला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, परीक्षा आरोग्य विद्यापीठाने घेतली. आम्ही चोरून काही करत नाही. आणि शहरातून येणाऱ्या चिठ्ठ्या मी रोज बघतो. टेल्मिसार्टनबरोबर थायझाइड, वर गुडघ्यासाठी रोज दोन वेळा ॲसिक्लोफेनॅक. बीपीच्या या दोन औषधांवर असली वेदनाशामक चढवली की म्हाताऱ्याची किडनी बसते. ती चिठ्ठी होमिओपॅथची नसते.

एमडी मेडिसिन

एका डीएमचं चुकलं म्हणून औषधशास्त्र वर्षभरात शिकता येतं हे सिद्ध होत नाही. डॉक्टर नाहीत म्हणून कुणीही चालेल, हा युक्तिवाद तुम्ही तुमच्या स्वतःच्या आईसाठी मान्य कराल का?

होमिओपॅथ, धडगाव

माझ्या आईला मीच तपासतो. तिला तीन गोळ्या आहेत. तुमच्या आईला किती आहेत ते लिहा इथे.

कोथरूडकर

हे थांबवा. आणि आयुर्वेदवालेही आता येतील, त्यांनी येऊ नये ही विनंती. पदव्यांचं भांडण कोर्टात चालू आहे, तिथे चालू द्या. माझी आई चार डॉक्टरांकडे जाते, चौघांच्याही पदव्या भिंतीवर आहेत. दोघांनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल लिहिलेली होती. ती महिनोन् महिने दोन्ही घेत होती, कारण एक गुलाबी आणि एक पिवळी. यात होमिओपॅथ कुठे आला?

मेडिकलवाला

तेच सांगायला आलो. काउंटरवर लोक चिठ्ठी आणत नाहीत, रिकामी पट्टी आणतात. "हीच द्या." मी सांगितलं की ही दुसऱ्या नावाची तीच आहे, तर उत्तर, "डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का?" अल्प्राझोलामचं मला शेड्यूल एच-वनच्या (विक्रीची नोंद सक्तीची असलेल्या औषधांच्या) वहीत डॉक्टरचं, पेशंटचं नाव घालून लिहावं लागतं, २०१४ पासून. मी नाही म्हटलं तर माणूस समोरच्या दुकानात जातो. शिव्या मी खायच्या.

आणि मिश्रणांवर कुणी बोललं नाही. ताईंच्या वडिलांची कॅप्सूल दोन औषधांची होती, पण घरात तिचं नाव 'गॅसची'. म्हाताऱ्या माणसाला वाटतं एकच गोळी आहे. सरकारने २०१६ मध्ये ३४४, २०१८ मध्ये ३२८ आणि २०२४ मध्ये १५६ अशी मिश्रणं बंद केली. तरी माझ्या फळीवर मिश्रणांची कमी नाही. लिहिणारे लिहितात, म्हणून ठेवावी लागतात.

एमडी मेडिसिन

मिश्रणांबद्दल सहमत. होमिओपॅथीबद्दल माझं मत बदललेलं नाही.

कऱ्हाडची लेक

तुमचं मत बदलून माझ्या वडिलांचा खुबा जुळणार नाही, त्यामुळे ते राहू द्या. तालुक्याच्या डॉक्टरांना मात्र उत्तर हवं आहे.

स्टेंटवाल्या माणसाचं वाचलं. अचानक बंद करू नये, हे मान्य. त्या मुलाने विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर त्याला काय ऐकायला मिळालं असतं? "नाक खुपसू नका." तुमच्या पोस्टमध्ये तेच तर आहे. प्रश्न विचारणाऱ्याला दाराबाहेर काढलं की तो व्हॉट्सॲपकडेच जाणार.

'मी सुरू केली नाही म्हणून मी बंद करत नाही' हे तर मला अजिबात पटत नाही. हृदयवाला पोट बघत नाही, पोटवाला मेंदू बघत नाही. सगळ्या फायली एका टेबलावर येतात त्या तुमच्याच. माणूस तुम्हाला वीस-वीस वर्षं ओळखतो. ऑपरेशनपुरत्या भेटलेल्या बाईंनी जे केलं ते तुमच्यासारख्याने करायचं नाही, तर मग फॅमिली डॉक्टर म्हणायचं कशाला? थरथर आली तेव्हा 'नवीन आजार' म्हणण्याआधी 'नवीन गोळी कोणती' एवढं विचारलं असतं तरी आमचं निभावलं असतं. काही सुचवलं की काचा फुटतील म्हणता. हृदयवाल्यांना फोन करून "ही कमी करू का?" विचारायला किती वेळ लागतो?

तालुक्याचा डॉक्टर

फोन उचलत नाहीत ताई. मदतनीस उचलतो आणि सांगतो, साहेब कॅथलॅबमध्ये आहेत. तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही.

पण 'नवीन गोळी कोणती' हा प्रश्न मला कुणाला फोन न करता विचारता येतो, हे खरं आहे. आयर्लंडमधल्या जनरल प्रॅक्टिसमध्ये २०१५ चा ऑप्टी-स्क्रिप्ट अभ्यास झाला, तोही मला माहीत आहे. डॉक्टरने पेशंटला समोर बसवून एकेक औषध तपासलं, आणि अयोग्य औषध चालू असलेले पेशंट ५२ टक्क्यांवर आले. न तपासलेल्यांत ते ७७ होते. नीट वाचा, तपासूनही निम्मे राहिलेच. त्यांना एका माणसामागे जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात माझे सहा पेशंट होतात.

तरी लिहितो. पुढच्या महिन्यापासून बुधवारी दुपारी फक्त सत्तरीच्या पुढची माणसं बघेन. घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणायच्या, बंद केलेल्यासुद्धा. काढे, चूर्ण, बसमध्ये विकत घेतलेली गुडघ्याची औषधं, सगळं. शेवटचा किडनीचा, क्रिएटिनिनचा, रिपोर्ट असेल तर तोही. एका माणसाला अर्धा तास जाईल, म्हणून फी वेगळी घेईन. त्यावरून इथे कुणी बोलू नये.

कऱ्हाडची लेक

फी घ्या, कुणी बोलणार नाही. 'नाक खुपसू नये' हे वाक्य मात्र पोस्टमधून काढा.

तालुक्याचा डॉक्टर

वाक्य राहील. स्टेंटवाल्या घरी मी गेलो होतो, तुम्ही नाही. खाली जोडतो: 'स्वतः बंद करू नका, पण प्रत्येक गोळी कशासाठी आणि कधीपर्यंत, हे विचारा. उत्तर देणं डॉक्टरचं काम आहे.'

निवृत्त परिचारिका

मोठ्या अक्षरात जोडा. आणि दवाखान्याच्या भिंतीवरही लावा, इथे म्हातारी माणसं येत नाहीत.

एकुलता

डॉक्टर, वडील ८१. हार्ट ॲटॅक कधी नाही, स्टेंट नाही. कुणीतरी कधीतरी लिहिलेली ॲस्पिरिन ७५ रोज चालू आहे. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकही अधूनमधून. परवाच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन ९ आलं, मागच्या वर्षी १३ होतं. बुधवारी आणू का पिशवी?

तालुक्याचा डॉक्टर

बुधवारची वाट बघू नका. शौचाला काळं होतं का, चढताना दम लागतो का, आत्ता फोन करून विचारा. डायक्लोफेनॅक आजपासून देऊ नका. ॲस्पिरिनचं त्यांना बघितल्यावर ठरवू. उद्या सकाळी नऊला घेऊन या, नंबर लावू नका, सरळ आत या. काळं होत असेल किंवा चक्कर येत असेल तर उद्याचीही वाट न बघता आज रात्रीच जवळच्या हॉस्पिटलमध्ये न्या आणि दोन्ही गोळ्यांची नावं तिथे आधी सांगा.