मदत हवी आहे : ओझांच्या ‘लिपिमाले’वरून घरचे दप्तर कसे वाचावे?

पारोळेकर : वाड्याचे धाबे उतरवताना आजोबांच्या फडताळात गौरीशंकर ओझा यांचे ‘भारतीय प्राचीन लिपिमाला’ हे हिंदी पुस्तक व कागदांचा एक रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) मिळाला. पुस्तकातील तक्ते समोर ठेवूनही कागदांवरचे एकही अक्षर जुळत नाही. पुढील आठवड्यात भाऊबंदांची बैठक आहे, तरी कोणता तक्ता पाहावा हे कृपया लवकर सांगावे.

ग्रंथकीटक : आवृत्ती कोणती? पहिली 1894ची आणि बरीच वाढवलेली दुसरी 1918ची आहे. दुसरी असल्यास विकू नका, आणि बांधणीसाठी देताना कडा कापू देऊ नका.

पारोळेकर : विकण्याविषयी मी विचारलेले नाही.

बोरू : कागद कोणत्या लिपीत आहेत, हे आपण लिहिलेलेच नाही. आधी ओढलेल्या सलग रेघेखाली अक्षरे लिहिली असतील आणि शब्दांमध्ये अंतर नसेल, तर ती मोडी होय. ओझांचा, तसाच 1896 मध्ये जर्मन भाषेत ग्रंथ लिहिणाऱ्या ब्यूलर यांचा, मुख्य भर शिलालेख व ताम्रपटांवर आहे. चाळीसगावजवळच्या पाटणचा शके 1128चा लेख वाचताना ते तक्ते उपयोगी पडतील, वाटणीपत्र वाचताना नाही.

तापीकाठ : असहमत. अक्षराची घडण ब्राह्मी या प्राचीन लिपीपासून समजून घेतल्याशिवाय मोडी पक्की होत नाही, हा माझा अनुभव आहे.

बोरू : बैठक पुढील आठवड्यात आहे, हे आपल्या नजरेतून सुटले असावे.

पारोळेकर : होय, रेघ सलग आहे. आत्याबाईंनी ‘फसली’ एवढा शब्द ओळखला. त्याच्याजवळ 1247 आकडा आहे.

ग्रंथकीटक : फाटलेल्या जागी चिकटपट्टी मात्र लावू नका.

बोरू : फसली या महसुली सनात 590 मिळवल्यास इसवी सन 1837च्या सुमाराचा, म्हणजे खानदेशात इंग्रजी अंमल बसल्यानंतरचा कागद ठरतो. धावत्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, त्यामुळे माणसांची व शेतांची नावे अंदाजाने लावून बैठकीत वाचू नका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाणकारांची चौकशी करा, आणि फोटो दोन्ही बाजूंचे काढा, कारण पाठीवरचा शेरा हमखास राहून जातो.

पारोळेकर : पाठीवर शेरा नाही, पण शिक्का आहे आणि त्यातली अक्षरे फारसी वाटतात. तो कोण वाचून देईल?