डायनॅमिक अ‍ॅरे म्हणजे 'गतिमान'? मग व्हीअ‍ॅरे कुठं बसवायचा?

कृष्णाकाठ (सांगली):
मंडळी, एका पतसंस्थेच्या कॉम्प्युटर विभागातल्या पोरांसाठी ओरॅकल डेटाबेसच्या पीएल-एसक्यूएल भाषेची मराठी पुस्तिका करतोय. अ‍ॅरे म्हणजे एका नावाखाली ओळीनं ठेवलेले घटक; फिक्स्ड (ठरल्या आकाराचा) कधी, डायनॅमिक (आकार बदलणारा) कधी, असा एक धडा आहे. मी 'स्थिर' (ओरॅकलचा व्हीअ‍ॅरे त्यातच टाकलाय) आणि 'गतिमान' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी गतिमानवर लाल गोल करून 'हे कुठं पळतंय?' असं विचारलंय. आता प्रशासन गतिमान चालतं सगळ्यांना, मग अ‍ॅरेनंच काय घोडं मारलंय?

वाईकर:
मुळात अ‍ॅरेच कशाला? 'सरणी' म्हणा. नियत सरणी, परिवर्ती सरणी. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो काय कपाटात ठेवायला? आम्ही विश्वकोशाच्या गावचे, इतकं तर बोलणारच.

मिरजेची मास्तरीण:
दादा, सरणी आणि सारणी यात एका कान्याचा फरक. डेटाबेसच्या पुस्तकात टेबल पानोपानी येणार, त्याला कुणीतरी सारणी म्हणणार, आणि मग छपाईत एक काना उडाला की संपलंच. शिवाय सरणी म्हटलं की मला तरी पहिलं सरणच डोळ्यापुढं येतं.

जुना डीबीए (कराड):
अहो शब्द नंतर, आधी वस्तू बघा की. ओरॅकलच्या व्हीअ‍ॅरेचं पूर्ण नावच व्हेरिएबल-साइज अ‍ॅरे आहे आणि कृष्णाकाठ त्याला फिक्स्डमध्ये कोंबणार. त्याची कमाल मर्यादा आधी सांगावी लागते, पण आत घटक शून्यापासून त्या मर्यादेपर्यंत कितीही. म्हणजे संख्या बदलती, वेस ठरलेली. वेशीबाहेर गेलात की ०६५३२ नंबरची एरर, आणि वेशीच्या आत पण एक्स्टेंड न करता, म्हणजे नवं घर उघडून न घेता, पुढच्या घरात लिहायला गेलात तर ०६५३३, दोन वेगळ्या एरर आहेत म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना? नेस्टेड टेबल हा ओरॅकलचाच दुसरा प्रकार, त्याला तसली वेस नाही, मधला घटक डिलीट केला तर तिथं भोक राहतं. व्हीअ‍ॅरेत मधला काढताच येत नाही, शेवटून ट्रिम करा फक्त. पण क्रम टिकतो त्यात, नेस्टेड टेबल डेटाबेसात साठवलं की क्रमाची हमी नाही. आता याला स्थिर म्हणा नाहीतर गतिमान, पोरगं चुकीचंच शिकणार.

कृष्णाकाठ:
मग कर्जाला जामीनदार दोनच असतात तिथं व्हीअ‍ॅरे बरोबर ना? आणि उद्या संचालकांनी तीन केले तर?

जुना डीबीए (कराड):
ऑल्टर टाइप ही आज्ञा देऊन मर्यादा वाढवता येते. कमी नाही करता येत. पण खरं विचाराल तर जामीनदारांचं वेगळं टेबलच करा, उद्या 'हा माणूस आणखी किती जणांना जामीन आहे' हे कुणीतरी विचारणारच, आणि तेव्हा अ‍ॅरे उसवत बसावं लागेल. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडनं १९७० मध्येच हे सांगून ठेवलंय.

पोस्टग्रेसवाला:
आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसात तर अ‍ॅरेचा आकार म्हणून इंटिजर पुढं कंसात तीन लिहिलं तरी तो आकडा बघतच नाही, दहा घाला, दहा घेतो. त्याला 'नियत' म्हणाल का 'नावापुरता नियत'? 😀

हरिपूरचा:
सोपं सांगू का, व्हीअ‍ॅरे म्हणजे आमचं हळदीचं पेव, जमिनीखालचं कोठार. खणलं तेवढंच. अर्धं भरा, गळ्यापर्यंत भरा, त्याच्या पलीकडं पोतं जात नाही. 'बांधीव अ‍ॅरे' आणि 'वाढता अ‍ॅरे' म्हणा, कुणाला कोश उघडावा लागणार नाही.

वाईकर:
पेव खणीव असतं हो, बांधीव कसलं. आणि 'क्लासेसचं पेव फुटलंय' म्हणतो आपण, म्हणजे पेव हा शब्द आवरेना अशा वाढीचाच झाला की. तुमचाच दाखला तुमच्यावर उलटला.

हरिपूरचा:
ते फुटल्यावर! भरलेलं पेव वाढत नाही, फोडलं की सगळा माल एकदम बाहेर येतो म्हणून तसं म्हणतात.

मिरजेची मास्तरीण:
माझे आजोबा सांगायचे, ओल लागली की आतलं धान्य फुगतं आणि तोंड फुटतं, त्यावरनं. आणि आजी 'पेंव' म्हणायची, चक्क नाकातनं.

हरिपूरचा:
ताई, ओल लागत नाही म्हणून तर हरिपूरची माती पेवांना नावाजलेली. २००५ च्या पुरात पाणी शिरलं तेव्हा फुगून फुटली नाहीत, नासली. आणि उतरायच्या आधी कंदील सोडून बघतात, विझला तर आत हवा नाही. हे कुठल्या कोशात नसंल.

वाईकर:
पण मग अनुस्वार कधी गेला? कुणाकडं जुना छापील दाखला आहे का?

कृष्णाकाठ:
अहो पेवातनं वर या. बाई शुक्रवारी प्रूफ मागतायत. 'मर्यादा ठरलेला अ‍ॅरे' आणि 'वाढता अ‍ॅरे' असं सध्या टाकतोय, व्हीअ‍ॅरे पहिल्यात.

जुना डीबीए (कराड):
टाका. पण व्हीअ‍ॅरेची मर्यादा २ अब्ज १४ कोटींच्या पुढंपर्यंत देता येते, हेही तळटीपेत टाका, म्हणजे कुणीतरी त्यालाच वाढता म्हणून भांडायला येईल.

मिरजेची मास्तरीण:
कुणीतरी कशाला, मीच येते. आणि आजीचा अनुस्वार खरा होता, तेवढं लिहून ठेवा.