कर्नलमध्ये मेमरीचं पान वेळेआधी मोकळं होऊन राहिलं, डीबग कसं करू? (सल्ला हवा)

वावरातला_बाइट (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)
नमस्कार मंडळी. कॉलेजला सुट्या आहेत, गावी आलोय. एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकायच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवर (रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवाली आवृत्ती) फोर्कसाठी (प्रोसेसची प्रत काढणारा कॉल) कॉपी-ऑन-राइट लिहून राहिलो. फोर्क झाला की बाप-लेक प्रोसेस मेमरीची तीच पानं (४ केबीचे तुकडे) वापरतात, कोणी लिहायला गेलं की तेवढ्याच पानाची नक्कल होते. काउटेस्ट या चाचणी-प्रोग्राममधली ‘सिंपल’ पास होते. ‘थ्री’ कधी पास होते, कधी प्रोसेस मरते: एसकॉज (फॉल्टचं कारण) १३, आणि एसटीव्हॅलमध्ये (फॉल्टचा पत्ता) नुसते ०१०१०१०१. प्रिंटएफ टाकले की नीट चालते, काढले की पुन्हा मरते. ‘फाइल’ मात्र दरवेळी फेल.

लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, उबुंटू. नेट मोबाइलचं, ते पण गच्चीवर गेल्यावर. दुपारी लाईन नसते. कोणतं टूल शिकू? मोठ्या लॅपटॉपशिवाय कर्नलचं काम होत नाही असं सीनियर म्हणतात. कापसाचे पैसे आले की बाबा घेऊन देतो म्हणतात, पण गरज नसेल तर मला मागायचा नाही.

संत्रापट्टा (वरुड)
लॅपटॉप अजिबात घेऊ नको भाऊ. एक्सव्ही६ क्यूईएमयूमध्ये (मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) १२८ एमबी रॅमवर चालतं. क्यूईएमयू, रिस्क-फाइव्हचा जीसीसी (कंपायलर) आणि जीडीबी-मल्टिआर्च (डीबगर) एवढंच लागते. उबुंटूचा साधा जीडीबी रिस्क-फाइव्ह ओळखत नाही, तिथं पोट्टे अडकतात. तालुक्याला वायफाय मिळालं की एकदाच उतरवून ठेव.

मला टीएलबीचा (पत्त्यांच्या नोंदी साठवणारा सीपीयूचा कॅश) संशय येते. पानाची परवानगी बदलल्यावर एसफेन्स-व्हीएमए (त्या नोंदी पुसणारी सूचना) दिलं का? कासान (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) पण लावून पाय.

पेजटेबल_ताई (पुणे, माहेर चिखली)
टीएलबीच्या मागे लागू नकोस. एक्सव्ही६ कर्नलमधून यूजरकडे परततं तेव्हा ट्रॅम्पोलिन नावाच्या कोडमध्ये पेज टेबल (कोणता पत्ता कोणत्या पानात, याचा तक्ता) बदलतं, आणि तिथेच एसफेन्स-व्हीएमए होतं. फोर्क करणारा बापही त्याच वाटेने परततो, त्यामुळे जुनी नोंद उरत नाही. कासान लिनक्स कर्नलचं आहे, इथे नुसतं लावता येणार नाही.

टूलच्या आधी तुझ्यासमोरचे आकडे वाच. ०१ आले कुठून? केअ‍ॅलॉकची फाइल उघड. केफ्री पान परत घेताना त्यात ०१ भरतं, केअ‍ॅलॉक पान देताना ०५ भरतं, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. ०५०५ दिसलं तर पान घेतलं पण भरलंच नाही. ०१०१ दिसलं तर मोकळं झालेलं पान कोणीतरी अजून वापरतंय. एसकॉज १३ म्हणजे वाचताना पेज फॉल्ट. लिहिताना असता तर १५, इन्स्ट्रक्शन आणताना १२. म्हणजे तुझी प्रोसेस ०१ भरलेल्या पानातून पॉइंटर उचलते आणि त्या पत्त्यावर वाचायला जाते. खात्री करायची तर यूजरट्रॅपवर (फॉल्ट हाताळणारं कर्नलचं फंक्शन) ब्रेकपॉइंट लाव आणि ते पान हेक्समध्ये बघ. कर्नलमध्ये रॅम जशीच्या तशी मॅप केलेली असते, त्यामुळे फिजिकल पत्ता थेट चालतो. मोकळं पान असेल तर पहिल्या ८ बाइटमध्ये यादीतल्या पुढच्या पानाचा पत्ता, बाकी ४,०८८ बाइटमध्ये ०१.

म्हणजे एक पान किती प्रोसेस वापरतात ही तुझी गणती चुकते. सामाईक सातबाऱ्यावर एका भावाने हक्क सोडला तरी बाकीची नावं असेपर्यंत वावर मोकळं होत नाही, इथे मात्र एक नाव चढायचंच राहून जातंय. प्रिंटएफने बिघाड लपतो, तेव्हा प्रश्न वेळेचा असणार. मेकला सीपीयूएस=१ देऊन चालव (नाहीतर ३ असतात). मग ‘थ्री’ मरायची थांबली तर गणतीला लॉक (एका वेळी एकालाच बदलू देणारं कुलूप) नाही असं धर. टायमरमुळे एका सीपीयूवरही कर्नल मध्येच थांबू शकतं, म्हणून याला पुरावा समजू नकोस, दिशा मात्र कळते. दोन सीपीयूंनी एकदमच २ वाचले आणि दोघांनी ३ लिहिले, तर एक वाढ हरवली आणि पान लवकर मोकळं झालं. घट हरवली असती तर पान अडकून राहिलं असतं. तुझं लक्षण पहिलं आहे, म्हणून आधी फोर्कमध्ये गणती वाढवणारं यूव्हीएमकॉपी बघ.

‘फाइल’चं दुखणं वेगळं आहे. पाइपमधून वाचलेलं यूजरच्या पानात लिहितं ते कॉपीआउट, आणि ते पत्ता सॉफ्टवेअरने शोधून कर्नलच्या पेज टेबलातून लिहितं. यूजरचं पान रीड-ओन्ली असलं तरी फॉल्ट येतच नाही. एक्सव्ही६च्या जुन्या आवृत्तीत ते सरळ सामाईक पानावर लिहून टाकतं; नंतरच्या आवृत्तीत परवानगी नाही म्हणून -१ परत देतं. नक्कल करणारा कोड वेगळ्या फंक्शनमध्ये काढ आणि यूजरट्रॅप आणि कॉपीआउट दोन्हींतून बोलाव.

वावरातला_बाइट
ताई, लय धन्यवाद. कॉपीआउट बदललं आणि ‘फाइल’ पास! एका सीपीयूवर ‘थ्री’ मेली नाही. मग लॉक टाकला, आणि गणती शून्याखाली गेली की कर्नल पॅनिक होऊन थांबावं अशी तपासणीही टाकली. आता बूटच होऊन नाही राहिलं, तोच पॅनिक येतो.

रात्रपाळी (आर्वी)
बूट होताना फ्रीरेंज सगळी पानं केफ्रीतूनच यादीत टाकते, तेव्हा गणती ० असते. तिथं केफ्रीच्या आधी १ कर. १२८ एमबीमध्ये ४ केबीची ३२,७६८ पानं बसतात, तेवढ्या खान्यांचा अ‍ॅरे पुरते.

अजून एक. प्रोग्रामच्या कोडची पानं मुळातच रीड-ओन्ली असतात, त्यांना कॉपी-ऑन-राइटची खूण लावू नको, नाहीतर फॉल्ट आल्यावर त्यांनाही लिहायची परवानगी देऊन बसशील. खुणेसाठी पीटीईचा (पेज टेबलातल्या नोंदीचा) ८ क्रमांकाचा बिट वापर, तो सॉफ्टवेअरसाठीच राखून ठेवलेला आहे.

पाया पक्का करायचा असेल तर आयआयटी मुंबईच्या मिथिली वुटुकुरू यांची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. एक्सव्ही६ इंटेलवालं आहे, पण पेजिंगचा विचार तोच.

पेजटेबल_ताई
गणती घटवणं आणि ती शून्य झाली का हे बघणं एकाच लॉकखाली ठेव, मध्ये लॉक सोडू नकोस. आणि काउटेस्ट पास झाली तरी यूजरटेस्ट्स (एक्सव्ही६ची मोठी चाचणी) चालव. ती शेवटी मोकळी पानं मोजते. कमी भरली तर आता घट हरवत असेल. तिला वेळ लागतो, म्हणून लाईन असताना लाव.