हाताने शिवलेल्या पिशवीचा पट्टा उसवतो आहे

प्रश्न : वडिलांसाठी मी चामड्याची खांद्याला लावायची पिशवी हाताने शिवली, परंतु चार महिने पुस्तके वाहिल्यावर पट्टा जिथे जोडला आहे, नेमकी तिथलीच शिवण उसवू लागली आहे. चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले, कोल्हापूरहून आणलेले आहे. दोष दोऱ्याचा की माझ्या हाताचा?

उत्तर : आपण एका सुईने धावदोरा घातला असावा. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून, आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून त्या समोरासमोरून काढल्या, तर एक टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो. यंत्राच्या शिवणीत हा आधार मिळत नाही. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्यावा आणि त्याला मधमाश्यांचे मेण चोळावे.

दुसरे उत्तर : दोऱ्याआधी भोके तपासा. ती लांबट झाली असतील, तर चामडेच फाटते आहे. पट्ट्याची कड दुमडण्यासाठी रापीने (चामडे तासायच्या पात्याने) तासताना पुष्कळजण ती नको तितकी पातळ करतात, आणि सगळे वजन तिथेच येते.

प्रश्नकर्ती : उजेडात धरून पाहिले. दोरा शाबूत आहे, भोके मात्र ओढली जाऊन एकमेकांत मिसळली आहेत.

दुसरे उत्तर : मग तो भाग कापून टाका, पट्ट्याचे टोक न तासता पूर्ण जाडीचे ठेवा, पिशवीच्या आतून चामड्याचा चौकोनी तुकडा लावा आणि तिन्ही थर एकत्र, दोन सुयांनीच शिवा.