चाकावर मातीचा गोळा मधोमध येऊनच नाही राहिला, काय चुकून राहिलं?

मातीवाली_ताई:
नमस्कार मंडळी. वय ४६, नागपूरला धरमपेठेत दर शनिवारी पॉटरीच्या क्लासला जाते, पाच शनिवार झाले. विजेचं चाक आहे. गोळा थापला, पाणी लावलं, दाबला की क्षणभर वाटतं बसला, अन् अंगठा आत घातला की लगेच डगमगतो, मग भिंत एकीकडून जाड अन् दुसरीकडून पापडासारखी. सर म्हणतात हात स्थिर ठेवा, पण म्हणजे नेमकं करायचं काय? अन् जे दोन वाडगे कसेबसे निघाले ते वाळता वाळता बुडाला तडकले, इंग्रजी एस सारखी चीर. लहानपणी आजीसोबत माठ आणायला जायचो तेव्हा कुंभारकाका एका बोटानं काठ वळवायचे, ते अजून डोळ्यासमोर आहे, म्हणून हे मला खरंच शिकायचं आहे.

चिखल_हात:
ताई, हात स्थिर राहतो तो कोपरामुळे. स्टूल चाकाच्या अगदी जवळ ओढा, डावं कोपर मांडीवर नाहीतर पोटाशी घट्ट टेकवा अन् कमरेतून पुढे झुका, मनगटानं ढकलून माती ऐकत नाही. डावा तळहात बाजूनं, उजव्या हाताची कड वरून. मग गोळा शंकूसारखा वर चढवायचा, परत खाली बसवायचा, असं दोन-तीनदा. यावेळी चाक जोरात, भिंत ओढताना हळू. अन् सगळ्यात महत्त्वाचं, हात झटकन काढू नका, चाकाचे दोन-तीन फेरे होईस्तोवर हळूहळू सोडा, बहुतेकांचा बसलेला गोळा तिथंच बिघडतो. किलोभर माती घेत असाल तर अर्धा किलोवर या. माती नीट मळली नसेल, आत गाठ राहिली असेल, तर काही केल्या बसणार नाही.

चाकावरचा:
आमच्या घरी चाक होतं, आजोबा काठीनं फिरवायचे. मोठा ढीग ठेवून फक्त वरचा तुकडा मधोमध करायचा, पणती काढायची, दोऱ्यानं कापायची, की पुढची. माठ तर पूर्ण चाकावर होतच नाही हे खूप लोकांना माहीत नसतं, चाकावर जाड भिंतीचं भांडं काढतात अन् जरा सुकलं की आतून गोल गुंडा धरून बाहेरून लाकडी थापीनं थापटत थापटत फुगवतात.
चिरेचं सांगतो. बूड बोटानं दाबून घेतलं का? मधून काठाकडे, काठाकडून मधे, चांगलं दाबा, अन् आत साचलेलं पाणी स्पंजनं टिपून घ्या. नाहीतर काठ आधी सुकून आकसतो, बूड ओलंच राहतं, मग तिथं फाटणारच. त्यात आपल्या नागपूरचं ऊन, मे मध्ये ४५ च्या आसपास. उन्हात नका ठेवू अन् कूलरच्या झोतात तर बिलकुल नका, एकच बाजू सुकते. वरून सैल प्लास्टिक टाका, काठ धरण्याइतका कडक झाला की भांडं उलटं ठेवा.

शनिवारची_बॅच:
ढिगावरून काढायचं आत्ताच नका करू ताई, तिथं बूड दाबल्या जात नाही, एस ची चीर जास्त पडते. मी तं सुरुवातीची दहा भांडी तारेनं उभी कापूनच पाहिली. जीव तुटतो, पण भिंत कुठं जाड राहते ते कापल्याशिवाय दिसत नाही.

मातीवाली_ताई:
आज कोपर मांडीवर टेकवून बसली. चौथा गोळा बसला, हातावरून सरकत होता तरी हात हलत नव्हता, डोळ्यात पाणी आलं माझ्या. तो वाडगा कापला, भिंत बरी आहे पण बूड बोटभर जाड. आता पुढच्या वाडग्याचं बूड तासून काढायचं आहे. माती किती सुकली की तासायची, हाताला कसं कळतं?

चाकावरचा:
नख लावून पाहा. खूण उठली पाहिजे पण माती बोटाला चिकटली नाही पाहिजे. तासताना लांब रिबिनीसारखी साल निघाली तर बरोबर, भुगा पडला तर उशीर झाला.